आपल्या गड्यावर चढाई नाही

पौष लागला की आमच्या शिरोळ भागात दोन आवाज एकदम सुरू होतात. एक उसाच्या ट्रॅक्टरचा, दुसरा भोंग्याचा. ट्रॅक्टरवाले आपल्या आवडीची गाणी साऱ्या गावाला ऐकवत कारखान्याकडे जातात आणि भोंगेवाला रिक्षात बसून सांगत फिरतो की अमुक मंडळाच्या वतीने भव्य कबड्डी सामने, तरी सर्व क्रीडारसिकांनी वगैरे वगैरे. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे कोण किती घसा ताणतोय हे मला न बघता कळतं. मी चहा ओतत असते. ‘कबड्डी’ म्हटलं की हात जरासा थांबतो. इतकी वर्षं झाली, तरी थांबतोच.

आमचे हे भोंगा ऐकला की उठतात आणि म्हशीकडे जातात. म्हशीला तेव्हा काही नको असतं, पण तिलाही आता सवय झाली आहे. यांचं नाव मारुती. माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असा कायदा होता, उखाण्यातच काय ते घ्यायचं. आता मी खुशाल घेते. कायदा करणाऱ्या सासूबाई गेल्या, आणि ज्या गावात तो कायदा चालायचा ते गावही गेलं.

गाव राधानगरीकडच्या डोंगरात होतं. त्याचं नाव लिहून उपयोग नाही, त्यावर आता धरणाचं पाणी आहे. माझ्या लग्नाच्या बैठकीतही धरणाचा विषय निघाला होता. माझे वडील म्हणाले, “गाव बुडणार म्हंत्यात.” त्यावर सासरे मिशीतल्या मिशीत हसले. “पावणं, ह्ये मी मिसरूड फुटल्यापास्नं ऐकतोय. अजून पाय बी भिजला न्हाय.” सगळे हसले, सुपारी फुटली, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांच्या सांध्यावर कधीतरी मी त्या गावात सून म्हणून उतरले. सहा महिन्यांत दारांच्या चौकटींवर साहेब लोक शेंदरी रंगाने आकडे घालून गेले. मी घरात पुरती रुळलेही नव्हते, आणि आमचं घर एक आकडा होऊन बसलं होतं.

मी त्या गावात एकच हंगाम पाहिला. भात कापून झाल्यापासून चैत्रात जोतिबाची यात्रा येईपर्यंतचा. पण आयुष्यातला हंगाम म्हटलं की मला तोच आठवतो.

तिथे मैदान असं नव्हतंच. डोंगरात सपाट जागा कुठली? भात निघालं की ज्याचं खाचर आधी वाळेल ते त्या वर्षीचं मैदान. मग सगळं गाव त्यात वाकून भाताची धसकटं उपटायचं, बायकासुद्धा. नवी नवरी म्हणून मला कुणी सोडलं नाही. हिरवा चुडा भरलेल्या हातांनी मी धसकटं उपटत होते आणि शेजारची जाऊ म्हणत होती, “ओढ की गं नीट! तुज्याच नवऱ्याच्या पायात घुसंल.” उपटून झालं की शेणकाला, वर बैल फिरवायचे, चुन्याने रेघा मारायच्या. त्या ओल्या-वाळल्या तांबड्या मातीचा वास आला की अंगात काहीतरी उठायचं. मी काही खेळणारी नव्हे, मग खेळणाऱ्यांचं काय होत असेल!

गावचा कबड्डीचा संघ उभा केला तात्यांनी. तात्या तरुणपणी कोल्हापुरात गिरणीत कामाला होते, तिथे त्यांनी रेघा मारलेली, पंच असलेली कबड्डी पाहिली. त्याआधी आमच्या गावात नुसतं हुतूतू होतं. रेघ नाही, वेळ नाही, दम असेपर्यंत ओरडायचं आणि कपडे फाटेपर्यंत ओढायचं. साठच्या दशकात गिरणी सोडून तात्या गावी परतले ते शिट्टी घेऊनच. लग्न केलं नाही. “सात पोरं हायत की मला,” म्हणायचे. सातही दुसऱ्यांची. पहाटे त्यांना नदीत उतरवून दम धरायला लावायचे, डोकं आधी वर काढणाऱ्याला चढणीवरून पळवायचे, आणि कुणाच्या घरी दूध कमी पडलं तर त्याच्या आईशी भांडायचे. त्यांच्या हाताखाली गावातल्या दोन पिढ्या खेळल्या. माझे चुलतसासरे खेळले, मग हे.

हे चढाईला आणि दस्तगीर कोपऱ्यात. दस्तगीर गावच्या मुलाण्याचा मुलगा, यांच्याच वयाचा. दोघं एका म्हशीच्या पाठीवर बसून लहानाचे मोठे झालेले. यांचा एक डाव साऱ्या तालुक्यात माहीत होता. चढाईला गेले की डावा पाय पुढे टाकून तसाच ठेवायचे, जणू विसरलेच. समोरचा कोपऱ्यातला गडी झेपावला की पाय गायब आणि त्याच्या पाठीवर यांची थाप. हा डाव एकट्या दस्तगीरवर चालायचा नाही. सरावात तो दहांतल्या नऊ वेळा यांचा घोटा धरायचा आणि हे तोंडात माती घेऊन हसत उठायचे. मी बांधावर बायकांत बसून पदराआडून बघायची. घरात हा माणूस चार शब्द बोलत नसे. लाजाळू, मान खाली. आणि रेघ ओलांडली की हाच का तो, असं वाटायचं. मला माझा नवरा खरा कळला तो त्या खाचरात. त्याच्यावर जीव जडला तोही तिथेच, हे आता सांगायला कशाची लाज?

संघाचे बनियन आम्ही बायका घरीच रंगवायचो, मोठ्या हंड्यात, लाल. रंग काही पक्का नसायचा. सामना रंगला की घामाने तो उतरायचा, आमच्या गड्यांना धरणाऱ्यांचे हात लाल व्हायचे, आणि हलगीवाला जास्तच चेकाळायचा. त्या हंगामात आमचा संघ हरलाच नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण हरला. राधानगरीच्या शेवटच्या सामन्यात चांगला सपाटून हरला. परत येताना ट्रकमध्ये सगळे इतके हसत होते की पुढल्या गावच्या लोकांना वाटलं, ढाल जिंकून चाललेत. तोवर नोटिसा आल्या होत्या. कोण कुठे जाणार ते ठरलं होतं. आम्ही शिरोळकडे, मुलाण्यांची घरं हातकणंगल्याकडे, काही कागलकडे. हसत होते ते बहुतेक त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सगळ्यांना भैरोबाच्या देवळापुढे बोलावलं. सातच नव्हे, आजवर लाल बनियन घातलेला प्रत्येक माणूस. म्हातारे काठ्या टेकत आले. सगळ्यांना पायरीवर हात ठेवायला लावला आणि तात्या म्हणाले, “गाव फुटलं, फुटू दे. संघ फुटायचा न्हाय. जिथं जाशीला तिथं खेळा. पर आपल्या गड्यानं आपल्या गड्यावर चढाई करायची न्हाय. अंगाला हात लावायचा न्हाय. व्हय म्हणा.”

“व्हय!” म्हणाले सगळे. दस्तगीरने तर पायरीवर डोकंच टेकलं. सासरे रडले, चुलतसासरे रडले, आम्ही बायकाही रडलो. त्या घटकेला ते इतकं खरं, इतकं थोर वाटलं की कुणी पुढचा विचारच केला नाही. आणि पुढचं साधं होतं. गावची माणसं तीन तालुक्यांत विखुरणार होती. जो संघ चांगला, त्यात आमचा कुणीतरी असणारच. तो समोर आला की काय करायचं? पण रडणाऱ्या माणसांना असा हिशेब कोण सांगणार!

मग आम्ही इथे आलो. पत्र्याची खोली, काळी माती, एकही झाड नाही, आणि आम्हाला सगळे ‘धरणवाले’ म्हणायचे. लोक वाईट नव्हते, पण त्यांनी आम्हाला बोलावलंही नव्हतं. त्यांच्या शिवारातली जमीन कापून आम्हाला दिलेली, मग ते प्रेम कुठून आणतील? नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. सासूबाई नाचणीच्या भाकरीची आठवण काढून काढून ज्वारीची भाकरी कोरडी खायच्या. सासरे उन्हात बसून डोंगर शोधायचे. इथे डोंगर नाही, कुठल्याही दिशेला बघा.

पहिल्याच हिवाळ्यात एक दिवस गावच्या संघाचा कप्तान आमच्या दारात आला. त्या दारात आलेला गावचा तो पहिला माणूस.

“पावणं, तुमी चढाईला लई भारी हाय म्हणं. खेळता का आमच्याकडनं?”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी आतून मान हलवली, इतक्या जोरात की डोक्यावरचा पदर पडला.

आणि खेळले की! त्या महिन्याभरात आमची जात, गोत, गाव सगळं बदलल्यासारखं झालं. पहिला सामना जिंकला तेव्हा दुकानदाराने स्वतःहून आमचं सामान आधी बांधलं. दुसरा जिंकला तेव्हा नळावर एक बाई म्हणाली, “तुमचा मालक पळतोय का उडतोय, कळत न्हाय बघा.” तिने माझी घागर उचलून दिली. सासऱ्यांना चावडीवर चहा मिळाला. सासूबाईंना कुणीतरी ताकाचा तांब्या आणून दिला. आम्ही धरणवाल्यांचे गावकरी होत होतो, आणि ते यांच्या दोन पायांच्या जोरावर होत होतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

उपांत्य सामना गावच्याच शाळेच्या मैदानावर होता. आदल्या दिवशी कळलं की समोरच्या संघात कोपऱ्याला दस्तगीर आहे. हे जेवले नाहीत. मी विचारलं, “खेळणार न्हवं?”

“बगू,” म्हणाले.

“न्हाय म्हणून सांगा की मग.”

“काय सांगू? दारात आलता कप्तान माझ्या.”

तेही खरंच. ‘नाही’ म्हटलं तर गाव जाणार, ‘हो’ म्हटलं तर शपथ जाणार. दोन्हीकडून मरण.

मी शाळेच्या व्हरांड्यातून पाहिलं. पूर्ण सामना हे दस्तगीरला टाळून उजव्या अंगानेच चढाई करत राहिले. दस्तगीरही यांची पाळी आली की कोपऱ्यात खांबासारखा उभा. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. लोकांना आधी कळलं नाही, मग कुजबुज सुरू झाली. शेवटी एका गुणाने आम्ही मागे आणि शेवटची चढाई यांची. समोर तिघेच उरलेले. बरोबरीला एक गुण हवा होता. हे गेले. उजव्या बाजूचे दोघे मागे सरकले. हे डावीकडे वळले, दस्तगीरपासून हातभर अंतरावर क्षणभर थांबले. दस्तगीरचे हात लोंबतच. हे तसेच मागे आले, रिकाम्या हाताने. शिट्टी झाली.

मग कुणीतरी ओरडलं, “पैसं खाल्लं रे धरणवाल्यानं!” आणि मग सगळंच मैदान तेच ओरडायला लागलं.

कप्तानाने यांना एकदा तरी विचारलं, हे त्याचं भलेपण. यांनी शपथेचं सांगितलं. तो म्हणाला, “अवं, खेळात कुठं शपथ असती व्हय? आन् शपथ हुती, तर आदी का न्हाय बोलला?” उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असे लोक प्रत्येक गावात असतात. त्यांनी रकमेचा आकडासुद्धा ठरवला. नळावर पुन्हा बोलणं थांबू लागलं, आणि आता ते वेगळं थांबणं होतं. हे त्यानंतर कधी खेळले नाहीत. दस्तगीरही खेळला नाही, असं उडत उडत कानावर आलं. दोघं भेटलेही नाहीत. भेटले असते तर लोक म्हणाले असते, बघा, वाटणीला बसलेत. अंतर किती, तर सायकलवर अर्ध्या दिवसाचं. पण तिकडे जाणाऱ्या एसटीत कधी हे चढले नाहीत.

तात्या आमच्याच वसाहतीत, मागच्या गल्लीत राहायचे. पत्र्याच्या शेडमध्ये आणून बसवलेल्या भैरोबाची पूजा करायचे. त्यांची भाकरी मीच द्यायची. एकदा मला राहवलं नाही. भाकरी ठेवली आणि मी म्हणाले, “तात्या, सोडवा की ती शपथ. तुमीच घातली, तुमीच सोडवा. ह्यांची उमेद चाललीय. चढाईवाल्याचे पाय काय जन्मभर ऱ्हात्यात?” मला राग आला होता आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

तात्यांनी भाकरी बाजूला सरकवली. “पोरी, घर गेलं, शेत गेलं, नदी गेली. त्येवढीच एक गोष्ट हाय जी अजून सगळ्यांची मिळून हाय. ती बी सोडली तर मग गाव सपलंच न्हवं?”

मला त्यांचा राग करता येईना. आणि क्षमाही करता येईना. आजही दोन्ही येत नाही. पाण्याखाली गेलेलं गाव जिवंत ठेवायला त्यांनी जिवंत माणसांचे पाय बांधले होते. आणि ते त्यांना कळत होतं, हे सगळ्यात वाईट.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा तात्या गेले. मागे-पुढे कुणी नव्हतं, तरी रक्षाविसर्जनाला नृसिंहवाडीच्या संगमावर इतकी माणसं जमली की पुजारी विचारायला लागले, कोण पुढारी होता का? कागलहून आले, हातकणंगल्याहून आले. केस पिकलेले, पोटं सुटलेली. एक जण तर मला ओळखूच आला नाही, तोच तो जो ट्रकमध्ये सगळ्यात मोठ्याने हसत होता. आणि दस्तगीर आला. डोक्याला टोपी, हातात चपला, घाटाच्या पायऱ्या तो जपून उतरत होता. गुडघा धरला होता त्याचा.

रक्षा सोडून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, “आता शपथ बी सुटली म्हणायची.” कुणी हसलं नाही. चढाईवाल्याचं वय काय, कोपऱ्यातल्याचं वय काय, हे प्रत्येकाने मनात मोजलं असणार.

हे पाण्याजवळच्या पायरीवर बसले होते. दस्तगीर येऊन शेजारी बसला. मी वरच्या पायरीवर तांब्या घासत होते. मग दस्तगीर म्हणाला,

“मारत्या, त्या शेवटच्या चढाईला तू डावा पाय टाकलावतास.”

यांनी मान वळवली नाही.

“माझ्याम्होरं टाकलावतास आन् तसाच ठेवलावतास. न्हेमीपरमाणं.”

“व्हय.”

“मी धरला न्हाय.”

“मला वाटलं,” हे म्हणाले, आणि यांचा आवाज मला ओळखू येईना, “मला वाटलं, तुला दिसलाच न्हाय.”

“कोपऱ्यात उबा ऱ्हाणाऱ्याला दुसरं काय दिसतंय, लेका? दिसला. चांगला दिसला. हात शिवशिवलं माझं. पर शपथेला भ्यालो.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. दहा वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले. शपथ पाळून याने सगळं घालवलं असं समजून मी तात्यांना बोल लावला, देवाला लावला, धरणाला लावला. आणि याने शपथ पाळलीच नव्हती. हात लावायला हा धजला नव्हता, म्हणून याने पाय दिला होता. धर म्हणून. चढाईत एका शब्दावाचून दुसरं काही बोलता येत नाही, नाहीतर कदाचित तसं म्हणालाही असता.

“धरायचास की,” हे म्हणाले. “धरला असतास तर हरलोच असतो. पर खेळलो तरी असतो.”

दस्तगीरने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तो रडायला लागला. हेही. वर पत्रावळी मांडून झाल्या होत्या आणि मला कुणीतरी सांगत होतं, त्या दोघांना हाक मारा, भात निवतोय. मी हाक मारली नाही.